फँटसी कादंबऱ्यांतली अवघड नावं तुम्ही कशी वाचता?

खारीबिस्किट

मंडळी, हा प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय आणि इथे फँटसी वाचणारे भरपूर आहेत म्हणून सरळ धागाच काढतेय.

सध्या रात्री जेवणं झाली की मी बहिणीच्या दोन्ही पोरांना लॉर्ड ऑफ द रिंग्ज वाचून दाखवते, वाचते इंग्रजीतूनच आणि जिथे अडेल तिथे मराठीत सांगते, पोरं मस्त रमलीत. पण मनातल्या मनात वाचताना जी गोष्ट कधी जाणवत नाही ती मोठ्याने वाचायला लागलं की लगेच आडवी येते, ती म्हणजे नावं. मनात वाचताना डोळा नावावरून सरकून पुढे जातो, मोठ्याने वाचताना मात्र तोंडाने काहीतरी एक म्हणावंच लागतं. गॅलाड्रिएलचा नवरा सेलेबॉर्न की केलेबॉर्न? सॉरॉन की साउरॉन? इसिल्दुर म्हणताना जोर कुठे द्यायचा? भाची बारा वर्षांची आहे, तिचं ठाम मत की लेखकाने जो उच्चार ठरवला तोच करायचा, नाहीतर ते पात्र दुसरंच कोणीतरी होतं. भाचा म्हणतो सिनेमात म्हणतात तसं म्हण आणि पुढे वाच मावशी. मला दोघांचंही थोडंथोडं पटतं, आणि तिसरं म्हणजे काही नावं आपल्या मनात पहिल्या वाचनात जशी उमटतात तशीच इतकी आवडून जातात की ती बदलावीशी वाटत नाहीत.

त्यात मी स्वतःसाठी व्हील ऑफ टाइम सुरू केलंय. त्यात ती लांब वेणी घालणारी बाई आहे ना, एन वाय एन ए ई व्ही ई असं स्पेलिंग असलेली, तिचं नाव आलं की मी थबकतेच.

तर तुम्ही काय करता? लेखकाचा उच्चार शोधून काढता, सिनेमा-सिरीजमधला धरता, की आपलाच ठेवता? आणि तिन्ही वेगळे निघाले तर कुठला खरा मानता? सविस्तर लिहा प्लीज.

निवांतवाचक

मी उच्चार करतच नाही. खरंच सांगतो. नाव म्हणजे माझ्यासाठी एक आकार असतो, पहिलं अक्षर, साधारण लांबी, मध्ये कुठे अपॉस्ट्रॉफी असेल तर ती, बास, ओळख पटली की पुढे. त्यामुळे वाचनाची मजा कमी होते असं मला अजिबात वाटत नाही, उलट गोष्टीचा वेग टिकतो.

अडचण एकच, दोन नावं दिसायला सारखी असली की घोळ. साउरॉन आणि सारुमान हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण, दोघंही दुष्ट, दोघंही मनोऱ्यात बसलेले, आणि नावाची सुरुवात तीच. १९७८ साली राल्फ बाक्षीने ॲनिमेशनचा लॉर्ड ऑफ द रिंग्ज काढला त्यात सारुमानला बऱ्याच ठिकाणी चक्क 'आरुमान' करून टाकलं होतं, प्रेक्षकांची गल्लत होऊ नये म्हणून. म्हणजे हे फक्त माझ्यासारख्या आकार बघून वाचणाऱ्यांचं दुखणं नाही.

पण तुम्ही मोठ्याने वाचताय त्यामुळे माझा उपाय तुमच्या कामाचा नाही हे खरं.

चांदणवेल

खारीबिस्किट, मी तुमच्या भाचीच्या बाजूने. सगळ्याच लेखकांच्या बाबतीत नाही म्हणणार, पण टॉल्किनच्या बाबतीत शंभर टक्के. हा माणूस ऑक्सफर्डला भाषांचा प्राध्यापक होता, त्याच्याकडे एल्फांच्या भाषा आधी आणि त्या भाषा बोलायला माणसं हवीत म्हणून गोष्ट नंतर अशी उलटी गंमत होती, क्वेन्या फिनिश भाषेच्या वळणावर आणि सिंदारिन वेल्शच्या. मग अशा माणसाने बनवलेल्या नावात आवाज हाच तर गाभा आहे, तो बाजूला ठेवून नुसतं स्पेलिंग वाचायचं म्हणजे बंदिशीचे नुसते शब्द वाचल्यासारखं होतं.

आणि त्याने शोधायला कुठे लांब पाठवलेलंही नाही. तिसऱ्या खंडाच्या (१९५५) शेवटी जी परिशिष्टं आहेत त्यातलं 'ई' उघडा, सगळं तिथे आहे. सी चा उच्चार नेहमी क, म्हणून केलेबॉर्न, किर्दान, किरिथ उंगोल. जी नेहमी ग, कधीच ज नाही, म्हणून गिल्दोर. ए आणि यू जोडून आले की आउ, म्हणून साउरॉन. स्माउगचंही तसंच. सीएच म्हणजे च नाही, घशातून घासून येणारा ख़ सारखा आवाज. शब्दाच्या शेवटी एफ आला तर तो व्ह होतो, पण हा एल्फांच्या भाषांचा नियम, गँडाल्फ हे नाव मुळात जुन्या नॉर्स काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतून घेतलंय त्यामुळे तिथे फ च.

आता आपल्यासाठी यातला सगळ्यात सुंदर भाग. बुटक्यांच्या म्हणजे ड्वार्फांच्या भाषेतला केएच कसा म्हणायचा हे सांगताना टॉल्किनला इंग्रज वाचकाला 'बॅकहँड' या शब्दाचं उदाहरण द्यावं लागतं, क च्या मागोमाग ह. म्हणजे काय? म्हणजे आपला ख! इंग्रजांना जो आवाज समजावून सांगायला लागतो तो आपल्याकडे पहिलीच्या अंकलिपीत आहे. आणि झेड साठी आपल्याकडे झाडातला झ जवळपास आहेच, त्यामुळे खझाद-दूम हे नाव मराठी माणूस कोणत्याही हॉलिवूडच्या नटापेक्षा जास्त बरोबर म्हणू शकतो. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी मोरियाचं (म्हणजे खझाद-दूमचंच) अख्खं प्रकरण पुन्हा मोठ्याने वाचलं होतं.

जोराचं विचारलंत. त्याचाही नियम तिथेच आहे आणि तो पण आपल्या ओळखीचा आहे. दोनच अक्षरांचं नाव असेल तर जोर पहिल्यावर. मोठं असेल तर शेवटून दुसरं अक्षर बघायचं, ते दीर्घ असेल किंवा त्याच्यापुढे जोडाक्षर असेल तर जोर त्याच्यावर, नाहीतर एक पाऊल मागे, शेवटून तिसऱ्यावर. शाळेत वृत्तं शिकताना लघु-गुरू पाडायचो आठवतंय? तेच. इसिल्दुर मध्ये सि च्या पुढे ल्द आहे म्हणून सि गुरू, जोर तिथे. गॅलाड्रिएल मध्ये शेवटून दुसरं रि, ते लघु, म्हणून जोर मागच्या ला वर.

आणि ऐकायचंच असेल तर टॉल्किनच्या स्वतःच्या आवाजात आहे. १९५२ मध्ये माल्व्हर्नला एका मित्राच्या घरी टेपरेकॉर्डरवर त्याने हॉबिट आणि लॉर्ड ऑफ द रिंग्जमधले उतारे वाचले होते, पुढे त्याच्या रेकॉर्ड निघाल्या, नेटवर सापडतील. पोरांना जरूर ऐकवा.

तिसरंप्रूफ

चांदणवेल, लघु-गुरूचं एकदम पटलं, पण एक सावधगिरीची सूचना घालते. आपल्या छंदशास्त्रात ए आणि ओ कायम गुरू असतात कारण देवनागरीत त्यांची ऱ्हस्व रूपंच नाहीत. एल्फांच्या भाषेत ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ आहेत. म्हणून बोरोमिर देवनागरीत लिहिलं की वाटतं रो गुरू आहे, जोर तिथे द्यावा, पण मुळात तो रो आखूड आहे आणि जोर बो वर आहे. देनेथोर, लेगोलास, दोन्हीकडे तसंच. त्यामुळे लघु-गुरू पाडायचे तर मूळ स्पेलिंगवर पाडा, मात्रा बघून नको. मूळात स्वर दीर्घ असला की टॉल्किन त्याच्या डोक्यावर खूण करतो.

मी मुद्रितशोधनाचं काम करते त्यामुळे या विषयावर जिव्हाळ्याने बोलू शकते. रोमन लिपीत अनुवाद करणाऱ्याची मजा असते, फ्रेंच असो पोलिश असो, नाव जसंच्या तसं उचललं की झालं, उच्चार वाचक बघून घेईल. देवनागरीत तशी पळवाटच नाही. पहिल्या पानावर नाव आलं की तिथेच ठरवावं लागतं, आणि एकदा छापलं की तेच. मालिकेचे पुढचे भाग अजून यायचे असतील तर आणखी पंचाईत. हॅरी पॉटरचं बघा, पहिलं पुस्तक १९९७ चं आणि हर्मायनी हे नाव कसं म्हणायचं ते पुस्तकात फोड करून येतं चौथ्या भागात, २००० साली, जेव्हा ती व्हिक्टर क्रमला आपलं नाव शिकवते. तोपर्यंत इंग्रजी वाचणारी मुलं आपापल्या मनातली हर्मायनी घेऊन तीन पुस्तकं पार करून आलेली. रोमनमध्ये हे चालून जातं, आपल्या लिपीत नाही. म्हणून मराठी अनुवादकांचं मला फार कौतुक वाटतं, नावाच्या एका वेलांटीसाठी किती शोधाशोध असते ते वाचकाला कधी दिसत नाही.

पण देवनागरी म्हणजे जसं लिहितो तसंच बोलतो हे मात्र पूर्ण खरं नाही हं. चोरातला च आणि चिंचेतला च आपण एकाच अक्षराने लिहितो. विचर मालिकेतली ती मुलगी आहे ना, इंग्रजीत सगळे सिरी म्हणतात, पण पोलिशमध्ये सी चा उच्चार एरवी त्स असतो, म्हणजे साधारण आपला चोरातला च, आणि पुढे आय आला की तो मऊ होऊन साधारण चिंचेतला च होतो. दोन्ही आवाज आपल्याकडे आहेत! आपलाही च पुढे इ आली की आपोआप चिंचेतला होतो, त्यामुळे 'चिरी' लिहिलं तर मूळ पोलिशच्या जवळ जातं, पण सिरी ऐकलेल्या मराठी वाचकाला ही कोण ते कळणार नाही. अशा वेळी काय करायचं याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, पुस्तकाच्या सुरुवातीला अर्ध्या पानाची टीप द्यावी. वाचकांना ती आवडते, प्रकाशकांना वाटतं तशी ती कंटाळवाणी नसते.

कानसेन

व्हील ऑफ टाइमसाठी आलो. मी ही अख्खी मालिका ऐकलीये, वाचली नाही, त्यामुळे माझा प्रवास उलटा, मला उच्चार सगळे पाठ आणि स्पेलिंग बघितलं की धक्का बसतो.

खारीबिस्किट, ती वेणीवाली नायनीव्ह. नाय वर जोर. पुस्तकाच्या मागे शब्दसूची आहे त्यात प्रत्येक नावाचा उच्चार दिलाय, रॉबर्ट जॉर्डनने पहिल्या भागापासूनच (१९९०) दिलाय, बरेच लोक शेवटी काय झालं ते चुकून दिसेल या भीतीने मागची पानं उघडतच नाहीत म्हणून त्यांना ती सापडत नाही. एग्वेन, जोर ग्वे वर. मोइरेन नाही, म्वारेन. आएस सेडाय म्हणतात बरेच जण पण सूचीप्रमाणे आइझ सेडाय. शॉनचान हे तर स्पेलिंगवरून कधीच लागलं नसतं.

ऑडिओबुकं मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग या नवराबायकोने वाचलीत, पुरुष पात्राच्या नजरेतून प्रकरण असेल तर तो, बाईच्या असेल तर ती. अप्रतिम वाचलंय दोघांनी. पण इतकी वर्षं चाललेलं काम, सुरुवातीच्या भागांतले काही उच्चार नंतरच्या भागांत बदललेत हे ऐकताना कळतं. गेम ऑफ थ्रोन्सच्या पुस्तकांत रॉय डोट्रिसच्या वाचनातही काही नावं एका भागात एक आणि पुढच्यात दुसरी अशी आहेत. व्होल्डेमॉर्टचं तर सगळ्यात गाजलेलं, अमेरिकन ऑडिओबुकं वाचणाऱ्या जिम डेलने आधीच्या भागांत शेवटचा ट गिळलाय, फ्रेंचसारखा व्होल्डेमोर, मग सिनेमे आले, सिनेमात सगळे ट म्हणतात, तर पुढच्या भागांत तोही ट म्हणायला लागला. आणि मग २०१५ मध्ये रोलिंगबाईंनी ट्विटरवर सांगितलं की ट अनुच्चारितच आहे. म्हणजे लेखिका एकीकडे आणि सिनेमे बघितलेलं सगळं जग दुसरीकडे.

माझं मत विचाराल तर जिथे सूची आहे तिथे सूची, कारण लेखकाने एवढे कष्ट घेऊन दिलीये. जिथे नाही तिथे ऑडिओ. सिनेमा सगळ्यात शेवटी.

दूरदेशी

हा सगळा धागा वाचताना मजा येतेय, पण मला थोडी वेगळी बाजू मांडायचीये.

एकच एक बरोबर उच्चार असतो हे गृहीतच मला मान्य नाही. आपलंच बघा. ज्ञानेश्वर. आपण द्न्यानेश्वर म्हणतो, हिंदीवाले ग्यानेश्वर म्हणतात, गुजरातीत ग्न होतो. कृष्ण आपल्याकडे क्रुष्ण आणि उत्तरेत क्रिष्ण. यातलं चूक कोण? कोणीच नाही, नाव जिथे जातं तिथल्या जिभेचं होतं. मी गेली बरीच वर्षं कॅनडात आहे, माझ्या नावात ऋ आहे, इथे माझं नाव तीन-चार प्रकारे म्हटलं जातं आणि ज्याने प्रेमाने म्हटलंय त्याचा उच्चार मला कधी खटकला नाही. ज्याने मनापासून विचारून घेतलं त्याचं मात्र लक्षात राहतं.

आणि वाचकांचा उच्चार भाषा बनवणाऱ्यालाही हरवू शकतो. गेम ऑफ थ्रोन्ससाठी डोथ्राकी भाषा डेव्हिड पीटरसनने बांधली, त्याच्या नियमाने त्यातलं राणीसाठीचं पद साधारण खालेसी असं आहे, जोर सुरुवातीला, आणि तो ख पण घशातला. मालिकेत सगळे खलीसी म्हणाले आणि तेच झालं, अमेरिकेत कित्येक मुलींची नावं ठेवली गेली ती याच उच्चाराने. आता त्या मुलींना सांगणार का की तुमचं नाव चूक आहे?

तसंच त्याच मालिकेतली आर्या. इंग्रजी वाचक त्या नावावर चर्चा करत बसतात, आणि मराठी घरात ते नाव हाक मारायचंच आहे. एरागॉनमधल्या एल्फ मुलीचं पण तेच स्पेलिंग, पुस्तकामागच्या सूचीत तिचा उच्चार आरिआ असा तीन तुकड्यांत दिलाय, पण मी ते पुस्तक वाचलं तेव्हा माझ्यासाठी ती आर्याच होती आणि तशीच राहणार. त्या ओळखीच्या नावामुळे ती मला जास्त जवळची वाटली, हे मी सूचीसाठी सोडणार नाही.

चांदणवेल

दूरदेशी, तुमचं म्हणणं मी नाकारत नाही आणि गंमत म्हणजे टॉल्किनही नाकारत नाही. त्याच परिशिष्टात तो सांगतो की तो घशातला ख़ गोंडोरच्या लोकांच्या बोलण्यात मऊ होऊन ह झाला, आणि रोहान, रोहिर्रिम ही नावं त्या बदललेल्या उच्चाराप्रमाणे लिहिलीत. म्हणजे त्याच्या जगातसुद्धा एका प्रदेशाचं नाव दुसऱ्या प्रदेशात गेलं की वेगळं होतं, अगदी तुमच्या ज्ञानेश्वरासारखं. पण हे कळायला आधी मूळ उच्चार माहीत हवा ना. मूळ माहीत असून आपल्या जिभेने म्हणणं आणि मूळ काय ते बघायचंच नाही, यात फरक आहे एवढंच माझं म्हणणं.

म्हणून पोरांना वाचून दाखवताना मी मूळच सांगेन. पुढे ती त्यांच्या पद्धतीने म्हणोत.

निवांतवाचक

चांदणवेल यांचा शेवटचा मुद्दा वाचून अर्थसी आठवलं. उर्सुला ल गिनचं, १९६८ चं पहिलं पुस्तक. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते ज्याला कळलं त्याची त्या माणसावर सत्ता चालते, म्हणून लोक रोजच्या वापराला दुसरंच नाव ठेवतात. नायकाला सगळे स्पॅरोहॉक म्हणतात, खरं नाव गेड, आणि ते तो फक्त अगदी विश्वासातल्या माणसाला सांगतो. मी एरवी आकार बघून पुढे जाणारा, पण ते पुस्तक वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की हे नाव आपल्याला नीट म्हणता आलं पाहिजे, कारण लेखिका ते आपल्याला सांगतेय म्हणजे आपल्यावर विश्वास टाकतेय. ग मऊ नाही, गेटमधला ग, जेड म्हणायचं नाही.

तेव्हा सगळीकडे एकच नियम लावू नका असं मी म्हणेन. जिथे गोष्टच नावावर उभी आहे तिथे उच्चार शोधा, बाकी ठिकाणी आकारावर भागतं.

खारीबिस्किट

एवढं काही मिळेल असं वाटलंच नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाचीला परिशिष्ट उघडून दिलं तर ती अर्धा तास त्यातच, आणि भाच्याला खझाद-दूमचा ख आपला आहे हे सांगितलं तर तो घरभर ओरडत फिरतोय. सध्या आमचं असं ठरलंय की एल्फ आणि बुटके परिशिष्टाप्रमाणे, आणि हॉबिटांची नावं जशी येतील तशी, कारण ती बरीचशी साधी इंग्रजीच आहेत. तिसरंप्रूफ, ऱ्हस्व ए-ओ चं वेळेवर सांगितलंत, नाहीतर मी देनेथोरच्या ने वर जोर देणार होते.

आता एकच, रोहानचे लोक उद्या येतायत. ई वर रेघ, मग ओ, मग डब्ल्यू वाय एन. ती राजाची भाची. इओविन की एओविन?

चांदणवेल

एओविन. ए आणि ओ वेगळे तोडू नका, एका दमात घ्या, जोर ए वर. तिच्या भावाचंही तसंच, एओमेर. आणि त्यांच्या मामाच्या नावातला टीएच, तिथे जीभ दातांना लावून हवा सोडायची असते, पण पोरांना आपला थ चालेल, थेओदेन.